कवडशांनी मोजलेलं रान

भीमाशंकरच्या रानात शेकरू बघायचं असेल तर आधी कान द्यावा लागतो. वरून फळांच्या सालींचे तुकडे टपटप पडतात, मग फांद्यांत खसफस होते आणि मग तो कर्कश, तुटक आवाज. असंच एक शेकरू डोक्यावरून जाताना मी बराच वेळ बघत उभा होतो. जांभळावरून हिरड्यावर, हिरड्यावरून आंब्यावर. दर उडीआधी ते फांदीच्या पार टोकाशी जायचं, फांदी खाली लवायची, झुबकेदार शेपूट मागे तोल धरायची आणि मग झेप. पुढे पायवाटेचा गाडीरस्ता झाला होता. तिथे ते अडलं. टोकापर्यंत आलं, मागे फिरलं, पुन्हा आलं, पुन्हा फिरलं. शेवटी बरंच मागे जाऊन, जिथे दोन्ही बाजूंचे शेंडे रस्त्यावर एकमेकांत शिरले होते, तिथून ते पलीकडे गेलं.

त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं तीच, माती तीच, पाऊसही तोच. झाडांच्या नावांची यादी केली तर ते अडलं ती जागा आणि ओलांडून गेलं ती जागा यांत काहीच फरक दिसणार नाही. उपग्रहाच्या साध्या छायाचित्रातही दोन्हीकडे सारखाच हिरवा रंग येईल. शेकरूसाठी मात्र एक जागा पूल होती आणि दुसरी कडा. प्राण्याचं घर कुठल्या झाडांचं आहे हे कळणं पुरेसं नसतं. ती झाडं उभ्या अवकाशात कशी मांडलेली आहेत, कुठे दाटी आहे, कुठे पोकळी आहे, छप्पर सलग आहे की फाटलेलं, हेही कळावं लागतं. अभ्यासक याला अधिवासाची रचना म्हणतात. ही रचना मैलोन् मैल मोजता येईल असं साधन गेल्या पंचवीसेक वर्षांत वन्यजीव अभ्यासकांच्या हाती आलं आहे. ते साधन म्हणजे लेसर.

प्रश्न मात्र लेसरपेक्षा जुना आहे. १९६१ साली परिसरशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅकआर्थर आणि त्यांचे भाऊ जॉन यांनी अमेरिकेतल्या जंगलांत एक साधी फळी घेऊन हे काम केलं होतं. फळी पानांआड हळूहळू लांब न्यायची आणि ती निम्मी झाकली गेली की अंतर मोजायचं. अंतर कमी भरलं तर पालवी दाट, जास्त भरलं तर विरळ. असं वेगवेगळ्या उंचीवर करत त्यांनी जमिनीलगतचं गवत-रोपं, मधली झुडपं आणि वरचं वृक्षछत्र अशा तीन थरांचा हिशेब मांडला. पानं या थरांत जितकी सारखी वाटलेली, तितकी पक्ष्यांची विविधता जास्त, असं त्यांना आढळलं. झाडांच्या जाती किती आहेत हे हिशेबात धरूनही अंदाजात फारशी भर पडत नव्हती.

आपल्याकडच्या पक्ष्यांवरून हे लगेच पटतं. स्वर्गीय नर्तकाला झाडांच्या छताखाली मोकळी हवा लागते, कारण तो फांदीवरून झेपावून उडते किडे पकडतो. नारंगी डोक्याचा कस्तूर जमिनीवरचा पालापाचोळा उकरतो, त्याला सावली हवी आणि डोक्यावर झुडपांचा आडोसा. धनेशाला थोराड, उंच झाडाची ढोली लागते. एकाच रानात हे तिघं वेगवेगळ्या मजल्यांवर राहतात. मजले जितके जास्त, तितक्या बिऱ्हाडांना जागा.

फळीची अडचण उघड आहे. माणूस दिवसभरात किती झाडोरा मोजणार? आणि तीस मीटरवरच्या पालवीपर्यंत फळी नेणार कशी?

आता लेसरकडे येऊ. या तंत्राला लिडार म्हणतात. लाइट डिटेक्शन अँड रेंजिंग या नावाचं ते लघुरूप आहे, म्हणजे प्रकाश पाठवून अंतर मोजणं. विमानाच्या किंवा ड्रोनच्या पोटाखाली एक उपकरण असतं. ते लेसरच्या अगदी छोट्या ठिणग्या खाली सोडतं, सेकंदाला लाखो. ठिणगी पानावर, फांदीवर किंवा जमिनीवर आपटते, तिचा थोडा अंश परत वर येतो आणि उपकरण जाण्या-येण्याचा वेळ टिपतं. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर हा ठरलेला, म्हणजे वेळ कळला की अंतर कळलं. हा वेळ किती बारीक मोजावा लागतो बघा. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो. इथे तो जाऊन परत येतो, म्हणून त्या एका भागाची चूक झाली तर उंचीत १५ सेंटिमीटरची चूक होते. विमान एक किलोमीटर उंचीवर असेल तर ठिणगीची पूर्ण फेरी सेकंदाच्या दहालाखाव्या भागाच्या जेमतेम पावणेसात पटींत आटोपते. या सगळ्या वेळात विमान स्वतः हलतंय, डोलतंय, म्हणून ठिणगी सोडताना ते नेमकं कुठे होतं आणि किती कललं होतं हे जीपीएस आणि तोलमापक यंत्रणेनं टिपावं लागतं. बहुतेक वेळा या लेसरचा प्रकाश डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त असतो. पानं हा प्रकाश भरपूर परतवतात, म्हणून झाडोऱ्यासाठी तो सोयीचा पडतो.

पण पानांनी भरलेल्या रानात लेसर जमिनीपर्यंत पोचतो कसा? पानांतून आरपार जातो, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. दुपारी दाट रानात उभं राहून पायाशी बघा. सावलीत जागोजागी कवडसे पडलेले असतात. जिथे कवडसा पडतो तिथे सूर्यापासून जमिनीपर्यंत एक सरळ वाट मोकळी आहे. लेसरलाही अशीच वाट लागते. लाखो ठिणग्यांपैकी काही अशा फटींतून थेट खाली पोचतात. शिवाय एका ठिणगीचा झोत झाडापर्यंत पोचेतो थोडा पसरलेला असतो. त्याचा काही भाग शेंड्यावर अडतो, काही मधल्या फांदीवर, उरलेला जमिनीवर. त्यामुळे एकाच ठिणगीची दोन-तीन उत्तरं येतात आणि पहिलं उत्तर वरच्या पानाचं, शेवटचं बहुधा जमिनीचं, असं उलगडत जातं.

प्रत्येक उत्तर म्हणजे अवकाशातला एक ठिपका: पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण आणि उंची. दर चौरस मीटरला १० ठिपके धरले तर एका हेक्टरात एक लाख ठिपके होतात. संगणकावर हे ठिपके बघताना मला दर वेळी धुक्यात गोठलेलं रान आठवतं. झाडांचे घेर ओळखू येतात, वाळलेला खोडका उभा दिसतो, ओढ्याची घळ दिसते. मग अभ्यासक सर्वांत खालचे ठिपके वेगळे काढून जमिनीचा पृष्ठभाग तयार करतात आणि तो बाकीच्या ठिपक्यांच्या उंचीतून वजा करतात. उरते ती झाडोऱ्याची खरी उंची, मग ते झाड डोंगरमाथ्यावर असो की दरीत. पुढे रान उंचीनुसार कापायचं, जणू थराथरानं: १ ते २ मीटरच्या पट्ट्यात किती ठिपके, २ ते १६ मध्ये किती, त्याच्या वर किती. मॅकआर्थर बंधूंचे तीन थर इथे हवे तितके करता येतात, तेही अख्ख्या खोऱ्यासाठी.

एवढ्यावर हे सर्वेक्षणाचं तंत्र झालं. वन्यजीवांचा अभ्यास सुरू होतो तो या नकाशावर प्राण्याच्या खऱ्या नोंदी ठेवल्यावर. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेतल्या ठिपकेदार घुबडाचं उदाहरण मला यात सर्वांत मोलाचं वाटतं.

हे घुबड जुन्या, दाट जंगलात राहतं आणि त्याची संख्या घटते आहे. म्हणून त्याच्या परिसरात वृक्षछत्र दाट राहिलं पाहिजे, असा व्यवस्थापनाचा आग्रह. दुसरीकडे त्याच पर्वतांत दशकानुदशकं वणवे विझवत राहिल्यामुळे मोठ्या झाडांखाली लहान झाडांची गर्दी माजली आहे. आग लागली की ती या गर्दीची शिडी करून थेट शेंड्यांपर्यंत चढते आणि घुबडांसकट सगळं जळतं. म्हणजे विरळणी करावी तर छत्र कमी होतं, न करावी तर वणव्याचा धोका. दोन्ही बाजूंची माणसं जंगलाच्याच काळजीनं भांडत होती.

अमेरिकेतले वन-अभ्यासक माल्कम नॉर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३१६ घरट्यांच्या जागा लिडारच्या नकाशावर ठेवल्या. सगळं छत्र एकत्र न मोजता त्यांनी ते उंचीच्या पट्ट्यांत फोडलं. मग दिसलं ते असं: घुबडं ४८ मीटरहून उंच झाडांचं आच्छादन शोधत होती. अठ्ठेचाळीस मीटर म्हणजे साधारण सोळा मजली इमारत. त्याच वेळी २ ते १६ मीटरच्या पट्ट्यातल्या झाडांची दाटी ती टाळत होती. घुबडाला हवं होतं उंच छप्पर आणि त्याखाली मोकळी जागा. वरून घेतलेल्या छायाचित्रात उंच झाडांचं छत्र आणि बुटक्या झाडांची गर्दी दोन्ही ‘दाट छत्र’ म्हणूनच मोजली जातात, त्यामुळे हा फरक इतकी वर्षं हिशेबातच आला नव्हता. आता जिला वणव्याची शिडी म्हणतात तीच लहान झाडं काढायची आणि थोराड झाडांना हात लावायचा नाही, असा मार्ग निदान दिसू तरी लागला. वाद संपला असं मी म्हणणार नाही. पण कशावर वाद घालायचा ते नेमकं झालं, आणि ही छोटी गोष्ट नव्हे.

बोर्निओतल्या ओरांगउटानची गोष्ट शेकरूच्या फार जवळची आहे. मलेशियाच्या साबा राज्यात किनाबातांगान नदीच्या खालच्या खोऱ्यात जंगल पूर्वी तोडलं गेलेलं आहे आणि आजूबाजूला तेलताडाची लागवड आहे. अशा मोडक्या जंगलात ओरांगउटान वाट कशी निवडतात? अभ्यासकांनी त्यांचा जमिनीवरून माग काढत हालचाली टिपल्या आणि त्या नोंदी विमानातून केलेल्या लिडारच्या नकाशाशी ताडल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसलं की ती सलग छत, उंच झाडं आणि सारख्या उंचीचे शेंडे असलेल्या दिशेला सरकतात, छतातली भगदाडं टाळतात आणि इतरांच्या वर डोकं काढलेल्या महावृक्षांकडे वळतात. म्हणजे जंगल एकदा तोडलं गेलं म्हणून ते ओरांगउटानच्या दृष्टीनं संपत नाही. वरची वाट शाबूत असेल तर ते राहू शकतं. त्याच खोऱ्यात नदीच्या फाट्यांवर ओरांगउटानसाठी दोरखंडांचे पूल बांधले आहेत. असा पूल नेमका कुठे हवा, हे छतातल्या भगदाडांचा नकाशा सांगू शकतो.

लिडारनं आणखी एक गोष्ट मोजता येते, ती प्राण्याची नजर. ठिपक्यांच्या त्या गोठलेल्या रानात संगणकाला जमिनीपासून सिंहाच्या डोळ्यांच्या उंचीवर ‘बसवायचं’ आणि विचारायचं, इथून चहूबाजूंना किती लांबचं दिसतं? दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात जीपीएस पट्टे लावलेल्या सिंहांबाबत हे केलं गेलं. शिकार सिंहिणीच करतात, नर आयतं खातो, असं आपण लहानपणापासून ऐकलेलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नरांनी शिकार केलेल्या जागा दाट झाडोऱ्यातल्या निघाल्या, जिथे नजरेचा पल्ला तोकडा होता. सिंहिणी उघड्यावर, एकमेकींच्या साथीनं शिकार करत होत्या. नर आडोशाला दबा धरत होता, म्हणूनच माणसांच्या नजरेला तो क्वचितच पडला होता.

हे वाचताना जुन्नरचा ऊस डोळ्यांपुढे न येणं मला अशक्य आहे. उसाचा फड म्हणजे जंगल नव्हे. तिथे झाडाची एकच जात, तीही माणसानं लावलेली. पण रचना बघा: माणसाच्या डोक्यावरून जाणारी उंची, हातभर पलीकडचं दिसणार नाही अशी दाटी, जवळ पाणी, आणि तोडणी होईपर्यंत कुणी आत फिरकत नाही. बिबट्याची मादी त्यात पिलं घालते, आणि तोडणीच्या वेळी कोयता चालवणाऱ्या माणसांपुढे ती पिलं सापडतात. जातींच्या यादीत ऊस आणि रान यांचं काही नातं नाही. आडोशाच्या हिशेबात ते सख्खे शेजारी आहेत.

क्रूगरमधलंच आणखी एक काम थोडक्यात सांगतो, कारण त्यात काळ येतो. एकाच जागेचं २००८ आणि २०१० मध्ये दोनदा लिडार करून सुमारे ५८ हजार झाडांपैकी कोणती मधल्या काळात आडवी झाली ते पाहिलं गेलं. हत्ती जिथे जाऊ शकत होते तिथे झाडं पडण्याचं प्रमाण कुंपणातल्या जागांच्या सहापट निघालं, आणि ५ ते ९ मीटर उंचीच्या झाडांवर हत्तींचा रोख जास्त होता. प्राणी अधिवास निवडतो तसा तो घडवतो आणि मोडतोही.

आता या साधनाच्या मर्यादा. ठिपक्याला जात नसते. तो जांभळाचा की घाणेरीचा हे उंची आणि आकारावरून फार तर अंदाजानं सांगता येतं. खोडातली ढोली वरून दिसत नाही, म्हणजे धनेशाला सर्वांत गरजेची गोष्टच निसटते. फळं आहेत का, पाणी किती दिवस टिकतं, माणसांची ये-जा किती, हे लेसर सांगत नाही. पानगळीच्या रानात उन्हाळ्यात केलेलं सर्वेक्षण आणि पावसाळ्यानंतर केलेलं सर्वेक्षण यांतून दोन निराळी रानं उभी राहतात. दाट सदाहरित जंगलात कवडसेच कमी, म्हणून जमिनीचे ठिपकेही कमी आणि उंचीत चूक जास्त.

आणि एकच आकडा दोन प्राण्यांना उलटे अर्थ देऊ शकतो. इंग्लंडमधल्या केंब्रिजशायर परगण्यातल्या मंक्स वुड या जंगलात ब्लू टिट आणि ग्रेट टिट या दोन चिमुकल्या पक्ष्यांच्या पिलांची वजनं लिडारनं मोजलेल्या झाडोऱ्याच्या उंचीशी ताडली गेली. उंची वाढली तशी ब्लू टिटची पिलं वजनदार, ग्रेट टिटची हलकी. ‘चांगला अधिवास’ हा शब्द कुणासाठी हे विचारल्याशिवाय वापरू नये, एवढं या दोन पक्ष्यांनी मला पक्कं शिकवलं. म्हणून जमिनीवर फिरणारा माणूस, घरटं शोधणारा, माग काढणारा, या कामातून कधीच वजा होत नाही. त्याच्या वहीतल्या नोंदी नसतील तर लाखो ठिपके मुकेच राहतात.

आपल्याकडे या दिशेनं काही घडलं आहे. जून २०२१ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं दहा राज्यांतल्या वनक्षेत्रांचे लिडारवर आधारित सविस्तर प्रकल्प अहवाल जाहीर केले. त्यांत महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही होते. काम वाप्कोस या सरकारी कंपनीकडे होतं. जंगलातच पाणी आणि चारा वाढवून प्राण्यांचं गावाकडे येणं कमी करायचं, हा हेतू. इथे लेसरनं मुख्यतः जमिनीचा उतार वाचायचा होता, पाणी कुठे अडवायचं ते ठरवण्यासाठी. पण जमिनीपर्यंत पोचताना ठिणग्या झाडोऱ्यातूनच जातात, आणि पानांवरून परतलेले ठिपके त्याच नोंदींत असतात. पाण्यासाठी केलेल्या उड्डाणांतलं हे झाडोऱ्याचं धन वन्यजीव अभ्यासकांच्याही हाती पडावं, असं मला मनापासून वाटतं. एकदा खर्च होऊन गेला आहे. तेच ठिपके पुन्हा वाचायला विमान लागत नाही.

विमान परवडत नसेल त्यांच्यासाठी अवकाशातूनही एक सोय आहे. डिसेंबर २०१८ मध्ये नासानं आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर जेडाय नावाचं लिडार पाठवलं. ते पृथ्वीच्या ५१.६ अंश उत्तर ते ५१.६ अंश दक्षिण या पट्ट्यावर लेसर सोडतं, म्हणजे अख्खा महाराष्ट्र त्यात येतो. त्याची माहिती कुणालाही फुकट उतरवून घेता येते. जमिनीवर प्रत्येक ठिणगीचा सुमारे २५ मीटर व्यासाचा गोल पडतो आणि एका रांगेत दोन गोलांमध्ये ६० मीटर अंतर असतं. त्या गोलातल्या झाडोऱ्याची उंची आणि थरांची दाटी त्यातून वाचता येते.

सह्याद्रीत मात्र सांभाळून. ३० अंशांच्या उतारावर २५ मीटरच्या गोलात जमिनीचीच उंची एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुमारे १४ मीटरनं बदलते. गोलाच्या वरच्या कडेची जमीन आणि खालच्या कडेच्या झाडाचा शेंडा एकाच उंचीवर येतात, आणि दोघांची उत्तरं एकमेकांत मिसळतात. उघडा उतारही झाडोऱ्यासारखा भासू शकतो. कोयनेच्या किंवा भीमाशंकरच्या कड्यांवरचे असे गोल आधी उतार तपासून मगच घ्यावे लागतात. पठारावरचे त्या मानानं भरवशाचे.

आणि शेकरू अडलं होतं तो रस्ता जेमतेम सात-आठ मीटर रुंद आहे. अवकाशातून टाकलेला गोल त्याच्यावर पडलाच, तर रस्ता आणि दोन्हीकडची झाडं एकाच आकड्यात जमा होतील. शेंडे कुठे एकमेकांत शिरले आहेत आणि कुठे हातभर सुटले आहेत, ते त्यातून कळणार नाही. त्यासाठी ड्रोनवरचं लिडार त्या रस्त्यावरून एकदा फिरवावं लागेल, आणि पूल उरलेल्या जागांचा तो नकाशा रस्ता रुंद करायचा निर्णय होण्याआधी टेबलावर असावा लागेल.